गाण्यामागचं नाव विचारा



जूनमध्ये शाळा सुरू झाली की माझ्याकडे एक प्रश्न हमखास येतो. "बाई, आमच्या मुलाला कुठला क्लास लावू? तबला की कीबोर्ड?" त्याच्या पाठोपाठ दुसरा, जरा आवाज खाली आणून, "परीक्षा असतात ना त्याच्या? दहावीला मार्क वाढवून मिळतात म्हणे." मी शाळेत संगीत शिकवते, त्यामुळे या प्रश्नांची उत्तरं मला तोंडपाठ आहेत. क्लास जरूर लावा. परीक्षाही देऊ द्या. वाढीव गुण मिळाले तर कुणाला नकोत? पण मग मी उलट विचारते, "घरी काय ऐकता?" आणि इथे नवराबायको एकमेकांकडे बघायला लागतात.

ऐकत कुणी नाही असं नसतं. आईचं ऐकणं ओट्यापाशी, कुकरच्या शिट्ट्यांमधून. बाबांचं गाडीत, सिग्नलला अडकल्यावर. आजीचं पहाटे, भक्तिगीतांचं. आणि चिरंजीव कानात बोंडं खुपसून स्वतःच्या खोलीत. एकाचं दुसऱ्याला ठाऊक नाही. विचारलंच तर मुलगा म्हणतो, "तुला नाही कळणार," आणि आई म्हणते, "काय ते धडधड धडधड." विषय तिथेच संपतो.

आज बोलायचंय ते यावर. मुलाच्या हातात वाद्य द्यायच्या आधी, किंवा दिलं असेल तर त्याच्या जोडीने, घरात ऐकण्याची एक रीत कशी घालता येईल? आणि आपल्या ओळखीच्या चार गाण्यांपलीकडे, अनोळखी वादकांपर्यंत, दूरदेशच्या अल्बमांपर्यंत मुलांबरोबर कसं पोचता येईल? यासाठी तुम्हाला संगीत कळायला हवं असं अजिबात नाही. कुतूहल असलं की पुरे.

आपल्या लहानपणी गाणी कमी होती. कोरी कॅसेट आणि वहीच्या कागदावर लिहिलेली यादी घेऊन दुकानात जायचं, दुकानदाराकडून गाणी भरून घ्यायची. नवी कॅसेट विकत आली की तिच्यातला घडीचा कागद उलगडून वाचायचा. गायक, संगीतकार, गीतकार, आणि नशीब असेल तर बारीक टायपात वादकांची नावं. ऐकायला तेवढंच असल्यामुळे ती नावं पाठ व्हायची. आज मुलाच्या फोनमध्ये जगभरातलं संगीत आहे. एकच भानगड आहे. ॲप त्याला आवडलं त्यासारखंच पुढचं गाणं वाढत राहतं. मुलाला हात हलवावा लागत नाही, आणि वाजतंय ते कुणी केलं हे विचारायची वेळच येत नाही. गाणं येतं, जातं, मागचा माणूस कळत नाही.

म्हणून माझं सांगणं एवढंच, की गाण्यामागचं नाव विचारायची सवय लावा. हे कोण वाजवतंय? याने आणखी काय वाजवलंय, आणि कुणाबरोबर? बऱ्याच ॲपमध्ये गाण्याशेजारच्या तीन ठिपक्यांवर बोट ठेवलं की श्रेयनामावली सापडते. तिथल्या एका नावाचा माग काढत गेलात की शास्त्रीय, चित्रपट, जॅझ, ब्लूज या भिंती आपोआप ओलांडल्या जातात. कारण भिंती दुकानदारांनी बांधल्या. वादक पोटासाठी आणि हौसेसाठी सगळीकडे वाजवत आलेत.

एक उदाहरण सविस्तर सांगते. १९६७ साली एचएमव्हीने 'कॉल ऑफ द व्हॅली' नावाची लाँगप्ले काढली. संतूर, बासरी, तबला आणि आणखी एक वाद्य. काश्मीरच्या खोऱ्यातल्या एका मेंढपाळाचा दिवस, पहाटेपासून रात्रीपर्यंत, अशी तिची कल्पना. सकाळच्या अहिरभैरव आणि नटभैरवापासून सुरुवात होते, मग पिलू, भूप, देस आणि शेवटी पहाडी. सगळं मिळून जेमतेम चाळीस मिनिटं. शब्द एकही नाही, त्यामुळे भाषेची अडचण नाही.

ही रेकॉर्ड मी सातवीच्या वर्गाला ऐकवते आणि सुरुवातीला काहीच सांगत नाही. फक्त विचारते, किती वाद्यं ऐकू येतात? बासरी सगळे ओळखतात. तबला ओळखतात. संतूरचं नाव येत नाही, पण "काठ्यांनी वाजवतात ते" असं कुणीतरी म्हणतंच. राहतो तो चौथा आवाज. सुरावरून सुरावर घसरत जाणारा, मध्ये कुठे पाय न टेकणारा. सतार, वीणा, सरोद, सारंगी, सगळी नावं वर्गातून येतात. शेवटी मी सांगते, गिटार. पोरं विश्वासच ठेवत नाहीत. गिटार म्हणजे गळ्यात पट्टा अडकवून उभं राहून वाजवायची, हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं. मग समजावते, की ही गिटार आडवी ठेवलेली आहे, डाव्या हातात पोलादाची कांडी आहे आणि ती तारांवरून सरकवली की सूर असा घसरत जातो, त्यालाच मींड म्हणतात. पुन्हा लावली की सगळ्यांचे कान नेमके त्या आवाजावर जातात. दुसऱ्यांदा ऐकताना वर्ग पहिल्यापेक्षा शांत असतो.

आता या रेकॉर्डवरची नावं घ्या. संतूरवर शिवकुमार शर्मा, बासरीवर हरिप्रसाद चौरसिया. या दोघांनी पुढे 'शिव-हरी' या जोडनावाने 'सिलसिला', 'चांदनी', 'लम्हे' अशा चित्रपटांना संगीत दिलं. म्हणजे आईच्या आवडीची गाणी आली. हेच शिवकुमार 'गाइड'मधल्या एका गाण्यात तबला वाजवून गेलेत, हे सांगितलं की तबला शिकणाऱ्या मुलाचे डोळे मोठे होतात. तबल्यावर आपले माणिकराव पोपटकर. आणि ही सगळी मोट बांधली ती एचएमव्हीतले निर्माते जी. एन. जोशी यांनी. आजोबांना विचारा, हे नाव त्यांच्या ओळखीचं निघण्याची शक्यता आहे. ना. घ. देशपांड्यांची 'शीळ' गाऊन मराठी भावगीताची वाट पाडणारे गायक ते हेच. एका रेकॉर्डच्या पाठीवरून एक वाट हिंदी चित्रपटाकडे गेली आणि एक थेट मराठी भावगीताच्या उगमापाशी.

तिसरी वाट गिटारची, आणि ती सगळ्यात लांब जाते. गिटारवादक ब्रिजभूषण काब्रा, मूळचे जोधपूरचे. त्यांनी हे परकं वाद्य रागसंगीतात आणलं. पुढच्या पिढीत जयपूरच्या विश्वमोहन भट्टांनी गिटारला चिकारीच्या आणि तरफेच्या तारा जोडून मोहनवीणा तयार केली. १९९२ साली कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बरा इथे एका प्रार्थनामंदिरात भट्ट आणि राय कूडर हा अमेरिकन गिटारवादक समोरासमोर बसले. कूडरही तारांवर नळी सरकवूनच वाजवणारे, पण त्यांचा हात ब्लूजमध्ये तयार झालेला. याआधी दोघांनी एकत्र कधी वाजवलं नव्हतं. त्यातून 'अ मीटिंग बाय द रिव्हर' हा अल्बम झाला आणि पुढे त्याला ग्रॅमी मिळालं. पालकांनी मुद्दाम लक्षात ठेवावी अशी एक गोष्ट त्यात आहे. चौघांच्या त्या संचात तबल्यावर सुखविंदरसिंग नामधारी होते आणि डुंबेक नावाच्या तालवाद्यावर कूडरांचा मुलगा जोआकिम. वय वर्षं चौदा! बापाने पोराला कोपऱ्यात बसवून ऐकायला लावलं नाही, वाजवायला बरोबर घेतलं.

कूडर हे नाव धरून पुढे गेलात की पश्चिम आफ्रिकेतल्या मालीत पोचाल. १९९४ चा 'टॉकिंग टिंबक्टू'. जोडीला अली फार्का तूरे, नायजर नदीकाठच्या निआफुंके गावचा गिटारवादक. जगभर कार्यक्रम करून आला तरी स्वतःला शेतकरीच म्हणवणारा हा माणूस, पुढे त्याच गावचा महापौरही झाला. त्याची गिटार ऐकली की अमेरिकेतला ब्लूज आठवतो. गुलाम म्हणून जहाजांत कोंडून अटलांटिकपार नेलेल्या माणसांबरोबर त्यांचे सूर आणि ताल गेले, त्यांतून ब्लूज उभा राहिला. इतिहासाच्या पुस्तकात गुलामगिरीचा धडा असतोच. तो वाचून झाल्यावर हे ऐकवा. मूल आपणहून विचारेल, "हे दोन्ही एवढं सारखं कसं?"

आणि १९९६ मध्ये हेच कूडर हवानाला गेले. बेत होता मालीच्या वादकांना क्यूबाच्या वादकांबरोबर बसवायचा. मालीकर पोचू शकले नाहीत. स्टुडिओ तर घेऊन ठेवलेला. मग क्यूबातल्या जुन्या, बऱ्याचशा विसरल्या गेलेल्या मंडळींना बोलावलं. इब्राहिम फेरेर सत्तरीला आलेले, चार पैशांसाठी बूट पॉलिश करणारे. पियानोवादक रुबेन गोन्सालेस पंचाहत्तरीच्या पुढचे, आणि त्यांच्या घरी धड पियानोही नाही. कोम्पाय सेगुंदो तर नव्वदीच्या उंबरठ्यावर. आठवडाभरात रेकॉर्डिंग आटोपलं. 'बुएना व्हिस्टा सोशल क्लब' या नावाने ते १९९७ मध्ये आलं आणि या म्हाताऱ्यांना जगाने डोक्यावर घेतलं. हे ऐकवल्यावर मुलाला आजीपाशी पाठवा. जात्यावरची ओवी असेल, हादग्याचं गाणं असेल, कोकणातल्या घरातलं भजन असेल. जे निघेल ते फोनवर टिपून घेऊ द्या. फोनचा याहून चांगला उपयोग मला माहीत नाही.

बघा, एका भारतीय रेकॉर्डवरून निघालो आणि क्यूबाला पोचलो. वाटेत संगीतशास्त्रातले अवघड शब्द फारसे लागले नाहीत.

आता तुम्ही म्हणाल, बाई, हे तुमच्या आवडीचं झालं. आमचा मुलगा असलं ऐकेल होय? बरोबर आहे. म्हणूनच सुरुवात त्याच्या गाण्यापासून करायची. परवा आठवीतल्या एका मुलाने मला आव्हान दिल्यासारखं विचारलं, "टीचर, 'तांबडी चामडी' वर्गात लावू का?" त्याला वाटलं मी नाही म्हणणार. मी म्हटलं, लाव, पण ताल कुणी मोजायचा ते आधी ठरव. क्रेटेक्स आणि श्रेयस यांचं २०२४ मधलं हे गाणं. शब्द मराठी आणि साज हाऊस म्युझिकचा. अर्ध्या वर्गाने खालचा ठोका टाळीने धरला, धुम धुम धुम धुम, चारही ठोके सारख्याच वजनाचे. उरलेल्यांनी दोन ठोक्यांच्या मधल्या जागेतला बारीक 'त्स' तोंडाने काढला. मग मी केरवा धरायला सांगितला. धा गे ना ति, न क धि ना. लगेच एक मुलगी म्हणाली, "केरव्यात झोका आहे, यात नाही. हे सरळ चालत राहतं." एवढं तिला कुणी शिकवलं नव्हतं. दोन गोष्टी शेजारी ठेवल्या म्हणून तिला कळलं.

मग तो ठोका कुठून आला ते सांगितलं. अमेरिकेतलं शिकागो शहर, सत्तरच्या दशकाची अखेर, वेअरहाऊस नावाचा क्लब आणि तिथे रेकॉर्डी लावणारा फ्रँकी नकल्स. तिथे नाचायला येणारे बहुतेक कृष्णवर्णीय आणि लॅटिनो तरुण, त्यांत समलिंगी बरेच. इतर ठिकाणी ज्यांना दार बंद होतं त्यांची ही जागा. डिस्कोच्या जुन्या रेकॉर्डी लांबवत, त्यांना ठोक्यांच्या यंत्राची जोड देत हाऊस म्युझिक घडलं. रॅपची गोष्टही अशीच. न्यूयॉर्कमधल्या ब्राँक्स भागात ११ ऑगस्ट १९७३ रोजी एका मुलीने शाळेच्या कपड्यांसाठी पैसे जमवायला पार्टी ठेवली आणि तिच्या भावाने, डीजे कूल हर्कने, रेकॉर्डी लावल्या. गाण्यातला नुसत्या तालाचा तुकडा आला की लोक जास्त नाचतात हे त्याने हेरलं होतं. म्हणून एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती घेऊन तो तेवढाच तुकडा आलटूनपालटून लांबवायचा. हिपहॉपचा जन्म लोक त्या रात्रीपासून धरतात. आपल्या मुलाला रॅप आवडतं ना? मग ही गोष्ट त्याला ठाऊक हवी. ठाऊक नसेल तर दोघांनी मिळून शोधा.

तिसरं उदाहरण तुमच्याच पिढीचं. २००४ च्या आसपास तुम्ही कॉलेजात असाल तर ब्रिटनी स्पिअर्सचं 'टॉक्सिक' कॅन्टीनमध्ये वाजताना ऐकलं असेल, आणि घरी लावल्यावर "बंद कर ते थिल्लर" हेही ऐकलं असेल. त्यात एक व्हायोलिनांचा तुकडा पुन्हा पुन्हा येतो, तलवारीच्या फटक्यासारखा. तो आपला आहे. 'एक दूजे के लिए' या १९८१ च्या चित्रपटातल्या 'तेरे मेरे बीच में' या गाण्यातून उचललेला. संगीत लक्ष्मीकांत-प्यारेलाल. घरात हा प्रयोग जरूर करा. आधी 'टॉक्सिक' लावा, मग जुनं गाणं लावा आणि तुकडा कोण आधी पकडतो ते बघा. आमच्याकडे आजीने पकडला.

आता प्यारेलाल हे नाव धरा. ते व्हायोलिन शिकले अँथनी गोन्साल्विस यांच्याकडे. 'अमर अकबर अँथनी'मधलं ते नाव कुठून आलं, हे मुलांना सांगितलं की ती हसतात. शिष्याने गुरूला केलेला तो नमस्कार आहे. हे गोन्साल्विस गोव्यातल्या माजोर्ड्याचे. पोर्तुगीज काळात गोव्याच्या चर्चशाळांतून मुलांना लहानपणापासून स्वरलिपी वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवत. तिथे तयार झालेले वादक मुंबईत आले. हॉटेलांतल्या जॅझ बँडमध्ये वाजवलं आणि तेच हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात बसले. ट्रम्पेटवाले चिक चॉकलेट, शंकर-जयकिशन यांच्या वाद्यवृंदाची मांडणी करणारे सेबास्टियन डिसूझा. १९५१ च्या 'अलबेला'तला तो नाचरा बाज आठवतो? संगीतकार सी. रामचंद्र म्हणजे आपले नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचे चितळकर. त्या बाजाला या गोवेकरांचे हात लागले आहेत. आणि याच मंडळींनी कोकणीत काय केलं ते ऐकायचं तर लोर्ना आणि ख्रिस पेरी यांची गाणी लावा. भाषा थोडी पकडता येईल, पाय तर आपोआप हलतील.

पाश्चात्त्य वाद्यवृंदाला घाबरणाऱ्यांसाठी आणखी जवळची वाट आहे. 'सैराट'च्या गाण्यांतला भरगच्च व्हायोलिनांचा भाग अजय-अतुल यांनी अमेरिकेत, लॉस एंजेलिसच्या स्टुडिओत सिम्फनी वाद्यवृंदाकडून वाजवून घेतला. ती गाणी ज्याच्या कानात आहेत त्याला सिम्फनी परकी वाटायचं कारण नाही. मुंबईत एनसीपीएचा सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया २००६ पासून आहे. जमलं तर एकदा मुलांना प्रत्यक्ष दाखवा. इतकी माणसं एका काडीकडे बघून एकदम थांबतात, हे रेकॉर्डवर कळत नाही.

तुमच्या शंका मला ठाऊक आहेत.

पहिली, "आधी शास्त्रीय पक्कं होऊ दे, मग बाकीचं." शिकण्याचा क्रम असा असू शकतो, ऐकण्याचा नसतो. झाकीर हुसेन यांचे वडील आणि गुरू उस्ताद अल्लारखा. घराण्याची तालीम याहून कडक कुठली? तरी विशीत असताना त्यांनी जॉन मॅक्लॉफ्लिन या गिटारवादकाबरोबर 'शक्ती' हा संच काढला. मॅक्लॉफ्लिन आले होते माइल्स डेव्हिस यांच्या जॅझमधून. पन्नासेक वर्षांनी, २०२४ मध्ये, झाकीरभाईंना एका संध्याकाळी तीन ग्रॅमी मिळाले. एक 'शक्ती'च्या अल्बमसाठी, ज्यात आपले चेंबूरचे शंकर महादेवन गायलेत. उरलेले दोन बेला फ्लेक या बँजोवादकाबरोबर, एडगर मेयर आणि राकेश चौरसियांच्या साथीत. हा बँजो अमेरिकेतला, मूळ आफ्रिकेचं. गणपतीच्या मिरवणुकीतला आपला बेंजो वेगळा. त्याला टाइपरायटरसारखी बटणं असतात आणि तो जपानच्या ताइशोगोतो या वाद्यावरून आपल्याकडे आला. बेंजो पार्टीत वाजवणारं पोर तुमच्या गल्लीत असेल तर त्याला हे सांगा. त्याची मान ताठ होईल.

दुसरी शंका, "गाण्यात शिव्या असतात हो." असतात. दार बंद करून ऐकण्यापेक्षा तुमच्यासमोर ऐकलेल्या बऱ्या, निदान बोलता तरी येतं. हा माणूस एवढा चिडलाय कशावर, हे विचारा. काही रॅप गाण्यांतला राग खरा असतो, वस्तीतून, पोलिसांच्या काठीतून, जातीतून आलेला. काहींत नुसता आव असतो. फरक ओळखायला मूल शिकतं. आपल्याकडे रागाची गाणी काही नवी नाहीत. वामनदादा कर्डकांपासून शाहिरांनी आणि भीमगीतांनी तो राग गाऊनच सांगितलाय. शिंद्यांच्या घरात तर प्रल्हाद, आनंद, आदर्श अशा तीन पिढ्या ओळीने गात आल्या आहेत. रॅप ऐकणाऱ्या मुलाला ही गाणी जरूर ऐकवा. दोन्ही त्याला चटकन जुळतील. लहान मुलांसाठी मात्र निवड तुम्हीच करा, त्यात संकोच नको.

तिसरी, कानांची. ही खरी काळजी आहे आणि तिच्याकडे सगळ्यात कमी लक्ष जातं. जागतिक आरोग्य संघटनेने मुलांसाठी घालून दिलेली मर्यादा आठवड्याला ४० तास आणि ७५ डेसिबल अशी आहे. आवाज वाढला की तास भराभर कमी होतात. फोनमध्ये आवाजाची मर्यादा बांधता येते, ती बांधून टाका. आणि घरात ऐकताना बोंडं काढून स्पीकरवरच ऐकायचं. कान वाचतात आणि चौघांना एकच गाणं ऐकू येतं.

आता रीत सांगते. आठवड्यातून एकदा, एक अल्बम, पहिल्यापासून शेवटपर्यंत. तुकड्यातुकड्यांनी नको. कुठलं गाणं कुठल्या गाण्यानंतर ठेवायचं याचा करणाऱ्याने विचार केलेला असतो, तो सलग ऐकल्याशिवाय कळत नाही. निवडण्याची पाळी प्रत्येकाची, आजीचीसुद्धा. ज्याची पाळी त्याने ऐकण्याआधी एकच वाक्य बोलायचं. ऐकताना हातात फोन नाही, पण भाजी निवडायला, कपड्यांच्या घड्या घालायला हरकत नाही. संपल्यावर प्रत्येकाने एक जागा सांगायची, आवडलेली किंवा खटकलेली, आणि एक नाव. ते नाव पुढच्या आठवड्याचं. मूल म्हणालं, "मला नाही आवडलं," तर ते मान्य करायचं. का नाही आवडलं, एवढं मात्र त्याच्याकडून काढून घ्यायचं. लांबलं, आवाज किरटा होता, शब्द कळले नाहीत, काहीही चालेल. आणि त्याची पाळी असताना तुमचं तोंड वाकडं व्हायला नको. मुलं शब्दांपेक्षा चेहरा आधी वाचतात.

हे जगावेगळं नाही. १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीला, पुणे आकाशवाणीवर गीतरामायण सुरू झालं. सीताकांत लाडांनी कल्पना उचलून धरली, गदिमांनी लिहिलं, सुधीर फडक्यांनी चाली दिल्या. दर आठवड्याला एक नवं गीत, एकूण ५६. वर्षभर घरंच्या घरं रेडिओपुढे बसायची आणि पुढच्या गीतासाठी आठवडाभर थांबायची. तेव्हा त्यात माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे अशी कितीतरी मंडळी गायली होती. आपल्याला पुढे फडक्यांच्या आवाजातलंच जास्त ऐकायला मिळालं. मूळ गायकांची यादी मुलांना शोधायला सांगा. त्यातलं प्रत्येक नाव एका नव्या दालनाचं दार आहे, नाट्यसंगीताचं, ठुमरीचं, भावगीताचं.

एक गोष्ट मात्र करू नका. याचा अभ्यास करू नका. "सांग बरं हा कुठला राग?" असं पाहुण्यांसमोर विचारू नका. वहीत नोंदी, गुण, बक्षिसं काही नको. परीक्षा घ्यायला आम्ही शाळेत बसलोच आहोत. घरात चुकीचं नाव घेतलेलंही चालतं. दोन आठवड्यांनी मूलच ते दुरुस्त करून सांगतं, आणि तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा असतो.

माझ्या वाट्याला तुमचं मूल आठवड्यातून एक तास येतं. त्यातला अर्धा हजेरीत आणि बाकं सरकवण्यात जातो, डिसेंबर लागला की उरलेला स्नेहसंमेलनाच्या नाचाला. क्लासचे सर चांगले असतील तरी त्यांना अभ्यासक्रम संपवायचा असतो. ऐकण्यासाठी निवांत वेळ देणारी जागा आता घराखेरीज कुठे उरलेली नाही. येत्या रविवारी मुलाला पहिली पाळी द्या आणि त्याचं गाणं संपल्यावर सहज विचारा, "हे वाजवलंय कुणी रे?" त्याला ठाऊक नसेल. तुम्हालाही नसेल. तिथून दोघांनी मिळून सुरुवात करा.